बाहुल्याची दुसरी परीक्षा

१

"पेपर फुटला, वहिनी. असाल तशा या," एवढंच बोलून भावोजींनी फोन आपटला.

पेपर फुटला हे शब्द कानावर पडले की माझं डोकं आजही तापतं. मी निवृत्त परीक्षा केंद्रप्रमुख. उमेदीची सगळी वर्षं बाकांच्या रांगांमधून येरझाऱ्या घालण्यात गेली. बाहीत, मोज्यात, कंपासपेटीच्या झाकणाखाली, एकदा तर पायाला घातलेल्या खोट्या प्लॅस्टरमध्ये लपवलेली कॉपी मी पकडली आहे. निवृत्त झाले तरी एका जागी बसवत नाही. आमचे हे म्हणतात, तुझ्या पायांनी घरातल्या फरश्या झिजल्या. चहा तसाच टाकून मी चपला पायात सरकवल्या.

माझे धाकटे दीर दुसऱ्या कंपन्यांच्या माणसांना शिकवण्याचा धंदा करतात. वर्ग नाही, फळा नाही, सगळं ऑनलाइन. एका मोठ्या इमारतीत वेगवेगळे भाडेकरू राहावेत तसे त्यांच्या एकाच प्लॅटफॉर्मवर वेगवेगळ्या कंपन्यांचे कोर्स असतात. एकीकडे बँकेचे कारकून, दुसरीकडे रुग्णालयातल्या परिचारिका. एकाला दुसऱ्याच्या घरात डोकावता येत नाही, असं भावोजी गिऱ्हाइकांना छातीठोक सांगतात.

त्या दिवशी सकाळी एक नवा कोर्स लाँच झाला होता. उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचे मेकॅनिक, आणि विषय सुरक्षेचा. ज्याला काम येतं त्याने थेट परीक्षा द्यायची. नापास झाला तर दिवसभराचे धडे बघायचे आणि पुन्हा बसायचं. पास झाला की नव्या इमारतींवर जायचा परवाना. भावोजींचा अंदाज होता की अर्धेअधिक पहिल्या फटक्यात नापास होतील, कारण पेपर मुद्दामच कडक काढला होता.

सकाळच्या चहाच्या आधी एक सोडून सगळे पास झाले होते. तेही जवळपास पैकीच्या पैकी. लिफ्ट कंपनीच्या मालकीणबाईंनी फोन करून विचारलं, "माझी माणसं एका रात्रीत एवढी हुशार कशी झाली?"

मी ऑफिसात पोहोचले तेव्हा भावोजी दारातच उभे होते. चेहरा उतरलेला, शर्टाचं बटण चुकीच्या काजात.

"चोर सापडलाय, वहिनी," ते खालच्या आवाजात म्हणाले. "फक्त तुम्ही तिच्याकडून वदवून घ्या."

"कुणाकडून?"

त्यांनी काचेपलीकडे बोट दाखवलं. तिथे माझी पुतणी, त्यांचीच मुलगी, आपल्या टेबलाचे खण रिकामे करत होती.

२

तिला घरात आणि आता ऑफिसातही सगळे भिंगरी म्हणतात, कारण लहानपणापासून ती एका जागी ठरत नाही. माझ्यावर गेली आहे असं तिची आई कौतुकाने नव्हे तर तक्रारीने सांगते. लिफ्टचा पेपर भिंगरीनेच काढला होता. आणि तिचं ज्याच्याशी लग्न ठरलं होतं, तो त्याच लिफ्ट कंपनीत मेकॅनिक होता.

भावोजींना हे लग्न पहिल्यापासून पटलं नव्हतं. मुलगा वाईट नव्हता, फक्त त्यांनी शोधलेला नव्हता. आता त्यांना आयतं कारण मिळालं होतं.

"तिने पेपर त्याला दिला, त्याने मित्रांना वाटला. सरळ आहे," भावोजी म्हणाले. "मी सांगितलंय तिला, हे लग्न मोडलं समज."

"पास न झालेला तो एक कोण?"

भावोजींनी नजर चुकवली. "तोच. भिंगरीचा तो."

मी थांबले. "अहो, ज्याला पेपर मिळाला तोच नापास?"

"मुद्दाम! संशय येऊ नये म्हणून. पोचलेला आहे तो."

एकदा माणूस ठरवून बसला की पुरावाही त्याच्या बाजूने वाकतो. मी काचेचं दार ढकललं.

भिंगरी रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती पिशवीत पेनं टाकत होती, पुन्हा काढत होती, पुन्हा टाकत होती.

"काकू, तूही विचार. 'का केलंस?' बाबांनी तेवढंच विचारलं. 'केलंस का?' असं एकदाही नाही."

"केलंस का?"

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "नाही."

"त्याला पेपर दाखवलास?"

"एक अक्षरही नाही. तो परीक्षेला बसणार हे माहीत होतं, म्हणून महिनाभर मी त्याच्याशी लिफ्ट या विषयावर बोललेच नाही. त्याचं दुसरं काही बोलायला नसतंच, त्यामुळे आम्ही जवळजवळ मुके झालो होतो."

मला हसू आलं. ती मात्र हसली नाही.

"लग्न मी करणारच आहे, काकू. ते बाबांच्या हातात नाही. पण चोर म्हणून त्या घरातून निघायचं नाही मला. उद्या माहेरी आले तर बाबा कपाटाला कुलूप लावतील का, हा विचार डोक्यात घेऊन मी कशी येऊ?"

 हिच्या बारशाच्या दिवसापासून हिने मला एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. पण केंद्रप्रमुखाला एवढ्यावर भागत नाही. मी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"मला सगळ्यांच्या उत्तरपत्रिका दाखव," मी म्हटलं. "बरोबर उत्तरं नकोत. फक्त चुका."

३

बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात, त्यावरून काही कळत नाही. चूक मात्र ज्याची त्याची असते. माझ्या केंद्रावर एकामागे एक बसलेल्या पोरांनी एकच चूक केली की मी दोघांनाही उभं करायची. इथे तर भिंगरीने पडद्यावर चुका आणल्या आणि मी उभीच राहिले.

पास झालेल्या प्रत्येकाचा एकच प्रश्न चुकला होता. एकूण एक, तोच प्रश्न आणि तेच चुकीचं उत्तर.

प्रश्न असा: लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरताना सर्वात आधी काय कराल? सगळ्यांनी उत्तर दिलं होतं, दिवा लावू. बरोबर उत्तर होतं, लिफ्ट थांबवण्याचं बटण दाबू.

"दिवा लावून उतरलं आणि वरून लिफ्ट आली तर?" मी विचारलं.

"तर उजेडात चिरडणार," भिंगरी म्हणाली आणि स्वतःच शहारली. "काकू, ही चूक मूळची माझी आहे. पेपर काढताना मी उत्तर म्हणून दिव्यावरच खूण केली होती. नंतर कंपनीची पुस्तिका परत चाळली तेव्हा लक्षात आलं.  लाँचच्या आदल्या दिवशी मी धावत जाऊन उत्तर बदलून घेतलं. प्रश्नाचे शब्द तेच ठेवले, फक्त बरोबर उत्तराची खूण हलवली."

म्हणजे फुटला तो जुना पेपर होता, दुरुस्तीच्या आधीचा. मी टेबलाभोवती फिरायला लागले. पाय चालले की माझं डोकं चालतं.

"आणि तुझ्या नवऱ्यामुलाच्या चुका?"

त्या वेगळ्याच होत्या. खड्ड्याचं उत्तर त्याने बरोबर दिलं होतं. नव्या प्रकारच्या यंत्राचे सगळे प्रश्न मात्र ओळीने चुकले होते, कारण ते यंत्र त्याने कधी उघडलंच नव्हतं. त्या चुका त्याच्या स्वतःच्या होत्या. मला तो मुलगा न भेटताच आवडायला लागला.

पेपर कुणाकुणाच्या हातून गेला होता? भिंगरी सोडली तर दोघांच्या. पहिली आवाजबाई. ज्यांना भराभर वाचता येत नाही त्यांना प्रश्न ऐकू यावेत म्हणून ती ते रेकॉर्ड करते. खोकल्याच्या गोळ्या चघळत ती माझ्यासमोर बसली.

"ताई, मी वाचते तेव्हा माझं लक्ष फक्त श्वासावर असतं," ती म्हणाली. "परवा सकाळी मी बॉयलरचं वाचलं, दुपारी गर्भवतींचा आहार. दोन्हींतलं काही विचारू नका."

"लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना पहिल्यांदा काय कराल?"

ती विचारात पडली. "खड्ड्यात? मी कशाला उतरू? कुणीतरी पडलंय का?"

तिला प्रश्न आणि चार पर्याय मिळाले होते, पण कोणता बरोबर ते तिच्या कागदावर नव्हतंच. आणि अंदाजाने सगळा पेपर सोडवण्याइतका तिचा लिफ्टशी परिचय नव्हता. मी तिला सोडून दिलं.

दुसरा तो किल्लीदार. प्लॅटफॉर्मची सगळी कुलुपं याच्या हातात, कुणाला कुठे प्रवेश द्यायचा ते हाच ठरवतो. तिशीचा तरुण, पण साठीच्या माणसासारखा कपाळाला हात लावून बसलेला. मी खुर्ची ओढली नाही. उभं राहून विचारलं की माणूस लवकर बोलतो.

"भिंगरीने उत्तर बदलायला सांगितलं ते कुणी बदललं?"

"मीच, मॅडम. तिच्यासमोर."

"आणि ते आणखी कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही. लाँचच्या गडबडीत राहून गेलं. साहेबांनाही नाही."

"मग घाम कशाचा आलाय तुम्हाला?"

त्याने दाराकडे पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं आणि आवाज इतका खाली आणला की मला वाकावं लागलं.

"मॅडम, सकाळपासून सांगू की नको असं चाललंय. बाहुला परीक्षेला दोनदा बसलाय."

४

बाहुला हा माणूस नव्हे. या लोकांची एक कामाची रीत आहे. कोर्स लाँच करण्याआधी तो विद्यार्थ्याला कसा दिसेल हे बघायला एक खोटा विद्यार्थी लागतो. यांनी धंद्याच्या पहिल्या दिवशी एक तयार केला, त्याचं नाव बाहुला ठेवलं आणि तेव्हापासून प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक कोर्सला तोच बसतो. बँकेतही बाहुला, रुग्णालयातही बाहुला. परीक्षा संपली की त्याला सगळा पेपर हिरव्या खुणांसकट, म्हणजे बरोबर उत्तरांसकट दिसतो, कारण चुका तपासायला ते सोयीचं पडतं.

"आणि त्याचा पासवर्ड?" मी विचारलं.

किल्लीदाराने कपाळावरचा हात डोळ्यांवर नेला. "पहिल्या दिवशी ठेवला तोच. बाहुला."

मी कपाळावर हात मारून घेतला. खोटा परीक्षार्थी बसवणारी टोळी मी एकदा पकडली होती, तेव्हा वर्तमानपत्रात माझा फोटो आला होता. आणि इथे माझ्या दिराने स्वतःच्या हाताने एक डमी पाळला होता, सगळ्या गिऱ्हाइकांच्या घरात मोकळा सोडला होता आणि त्याला वर लाडाचं नावही दिलं होतं!

"पहिल्यांदा तो बसला ती आमची चाचणी. मी आणि भिंगरी होतो," किल्लीदार सांगत होता. "दुसऱ्यांदा कुणीतरी बाहेरून बसवला. चाचणीनंतर आणि उत्तर बदलायच्या आधी. मी बोललो नाही, कारण पासवर्ड बदलायचं काम माझं होतं. नोकरी जाईल असं वाटलं."

"आणि माझी गेली तर चालणार होती?" भिंगरीने विचारलं. 

मी पुन्हा फिरायला लागले. खिडकी ते दार, दार ते खिडकी. ज्याने पेपर फोडला त्याला दुरुस्ती माहीत नव्हती. भिंगरीला माहीत होती, तिनेच केली होती; ती फितूर असती तर निदान होणाऱ्या नवऱ्याच्या मित्रांना 'दिवा नको, बटण' एवढं तरी कळवलं असतं. किल्लीदाराला माहीत होती. आवाजबाईकडे हिरव्या खुणा नव्हत्या. उरलं कोण, ज्याला बाहुल्याचा पासवर्ड माहीत आहे पण दुरुस्ती माहीत नाही?

या ऑफिसात असा एकच माणूस उरत होता. मी थांबले. 

मी दार उघडलं. बाहेर भावोजी अजून येरझाऱ्या घालत होते.

"भावोजी," मी म्हटलं, "बाहुला कुणाला दिलात?"

५

आधी त्यांना प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मी? अहो, मी कशाला…" ते खुर्चीत बसले. "त्यांचा तो प्रशिक्षण अधिकारी म्हणाला, एकदा विद्यार्थ्याच्या नजरेने बघू द्या, म्हणजे मालकीणबाईंपुढे मला चांगलं बोलता येईल. नाही कसं म्हणणार? मोठं गिऱ्हाईक. मी म्हटलं, घ्या, बाहुला घ्या. त्यात काय एवढं? सगळ्यांनाच दाखवतो मी."

"सगळ्यांनाच?" भिंगरीचा आवाज चिरकला. "बाबा, म्हणजे त्या अधिकाऱ्याला बँकेचा पेपरही दिसला असेल. रुग्णालयाचाही."

परीक्षेआधी गिऱ्हाइकाने पेपर बघायचा नाही, हा नियम भावोजींनीच केला होता. करारात ठळक अक्षरांत छापला होता.

"तो कशाला पेपर फोडेल, वहिनी?" ते कसेबसे म्हणाले. "सकाळपासून तोच तर ओरडतोय, चोर शोधा म्हणून."

"विचारूया," मी म्हटलं. "लावा फोन. स्पीकरवर."

अधिकारी लगेच बोलायला लागला. कुणाला काढलं, कधी काढणार, पोलिसांत जायचं का. मी त्याला मधेच तोडलं.

"मी इथली परीक्षा बघते. तुमच्या माणसांची एका प्रश्नाबद्दल तक्रार आहे. खड्ड्यात उतरण्याआधी पहिल्यांदा काय करायचं?"

"दिवा लावायचा," तो फटकन म्हणाला.

"तुमच्या पुस्तिकेत तर बटण आहे. लिफ्ट थांबवण्याचं."

"नाही हो बाई, तुम्ही नीट बघा. पेपरात दिव्यालाच हिरवी खूण आहे!"



"ती हिरवी खूण फक्त बाहुल्याला दिसते," मी म्हटलं. "आणि लाँचच्या आदल्या दिवशी तिथून ती हलवली आहे. तुम्हाला हे कळायला हवं होतं, साहेब. तुमची माणसं आता दिवा लावून खड्ड्यात उतरतील."

 मग तो गयावया करायला लागला. नव्या इमारतींचं काम सुरू व्हायचं होतं, पोरं नापास झाली असती तर मालकीणबाईंनी त्यालाच धारेवर धरलं असतं, त्याने फक्त उत्तरांचे फोटो दोघातिघांना पाठवले, ते पुढे गेले. एकाने मात्र फोटो उघडलाही नाही, म्हणाला मी माझं बघतो. त्या एकाचं नाव सांगायची गरज नव्हती. भिंगरीने पाठ वळवून खिडकीकडे तोंड केलं.

मला वाटलं, आता भावोजी सगळं त्या अधिकाऱ्याच्या गळ्यात घालतील आणि मोकळे होतील. त्यांनी फोन ठेवला, शर्टाचं चुकलेलं बटण काढून नीट लावलं आणि मालकीणबाईंना फोन लावला.

"पेपर माझ्याकडून गेला," ते म्हणाले. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "तुमच्या अधिकाऱ्याला मी चावी दिली. माझ्या मुलीचा काही संबंध नाही. मी सकाळी तुमच्याजवळ तिचं नाव घेतलं ते परत घेतो. कामावर गेलेल्या सगळ्यांना आधी परत बोलवा. एकही माणूस खड्ड्यात उतरायला नको. आणि बाकीच्या कंपन्यांना मी आजच कळवतोय."

मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "माणसांना मी परत बोलावते. तुमच्याबरोबर काम ठेवायचं की नाही, ते मग बघते," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

किल्लीदार तोवर पासवर्ड बदलून मोकळा झाला होता. "काय ठेवलास?" भावोजींनी सवयीने विचारलं. "ते तुम्हाला नाही सांगायचं," तो आणि भिंगरी एकदमच म्हणाले.

भावोजी मुलीसमोर जाऊन उभे राहिले. माफी मागायची त्यांना सवय नाही, ते कसं करतात हेच त्यांना माहीत नसावं. "चुकलो मी," ते म्हणाले. "तुला विचारायला हवं होतं."

"हो, हवं होतं," भिंगरी म्हणाली. तिने तिथेच ते संपवलं नाही, आणि मला ते बरोबरच वाटलं. "आणि त्याला? त्याला तर तुम्ही पोचलेला म्हणालात. मी ऐकलं, बाबा. काच पातळ आहे."

"मी बोलतो त्याच्याशी. नंबर दे."

साखरपुडा होऊन किती दिवस झाले होते, आणि जावयाचा नंबर यांच्याजवळ नव्हता. भिंगरीने न बघता आकडे सांगितले. भावोजींनी एकेक आकडा दाबला, चष्मा वर सरकवला, घसा साफ केला. पलीकडून आधी कोर्सचा आवाज ऐकू आला, आवाजबाई नव्या यंत्राचं झाकण कसं उघडायचं ते सावकाश समजावत होती. मग तो मुलगा घाईघाईने म्हणाला, "साहेब, कोण ते नंतर सांगा. नापास झालोय, धडा बघतोय. मधे थांबवला तर परत पहिल्यापासून बघावा लागतो. मी करतो फोन."

फोन बंद झाला. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं. मग त्यांनी फोन टेबलावर ठेवला, त्याच्यासमोर खुर्ची ओढली आणि धडा संपेपर्यंत तिथून उठले नाहीत.